नाल्याच्या वळणावरचे दगड

ट्रकवरचा दोर मी ढिला करायला लावला होता. हे मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही, पोलिसांपुढे तर नाहीच. एकदा देवळात मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तेव्हाही आधी शेजारी कोण उभं आहे ते बघून घेतलं.

आमची केळीची बाग शाहपूरच्या अलीकडे, बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. बागेतून गाडीवाट रस्त्याला मिळते, आणि तिथून बऱ्हाणपूरच्या बाजूला थोडं पुढे गेलं की नाला येतो. नाल्यावर जुना अरुंद पूल आणि पुलाच्या तोंडाशीच वळण. केळीनं भरलेला ट्रक त्या वळणावर उलटला. घडांवर बसलेली मजूर माणसं खाली सापडली. टोळीतली निम्मी माणसं गेली, ड्रायव्हरही गेला. याला आता काही वर्षं झाली. लोक अजून त्या जागेला ‘केळीवाली पुलिया’ म्हणतात. पूर्वी तिला काही नाव नव्हतं.

आमच्याकडे कटाईची एक रीत आहे. टोळी घड कापते, खांद्यावरून वाहून आणते, ट्रकमध्ये थर लावते. माल फळ्यांच्या वर गेला की त्यावर केळीची पत्ती अंथरतात आणि दोर आडवातिडवा फिरवतात. वर उभा असलेला माणूस पायानं माल दाबतो, खालचा दोर ओढतो. पण शेवटची गाठ ड्रायव्हरची. ती तो स्वतः मारतो, आणि एकदा मारली की तिला दुसऱ्या कोणी हात लावत नाही. मालकानं नाही, मुकादमानं नाही, व्यापाऱ्यानंही नाही. मी लहानपणापासून हेच पाहत आलो. त्यामुळे ट्रक उलटला आणि गाठ सुटून दोर ढिला सापडला, तेव्हा कोणी काही विचारलंच नाही. गाठ ड्रायव्हरची, म्हणजे चूक ड्रायव्हरची. विचारायचं काय त्यात?

त्या दिवशी टोळीला परत पोचवायला मी ट्रॅक्टर-ट्रॉली देतो म्हणून कबूल केलं होतं. टोळी डोईफोडियाकडची. बऱ्हाणपूरपर्यंत ट्रॉलीत आणि तिथून पुढे जीपनं, असं ठरलेलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी घरून फोन आला, मांडववाल्याकडे गाडी नाही, खुर्च्या आणायच्या कशात? टोळीचं काम उरकायच्या आधीच मी ट्रॅक्टर बऱ्हाणपूरला खुर्च्या आणायला पाठवून दिला. टोळीला सांगितलं, ट्रकवर बसून जा.

ड्रायव्हर नको म्हणाला. इच्छापूरचा माणूस, माझ्याहून लहान, मोजकं बोलणारा. गाठ मारून त्यानं हात पुसले आणि मला म्हणाला, “भाऊ, मी मालावर माणूस बसवत नाही. तुम्ही दुसरं काही बघा.” मी बरं म्हटलं. तो मोटारीच्या पाण्यावर हातपाय धुवायला गेला.

तो तिकडे गेल्यावर मी मुकादमाला खूण केली, चढवा. बायका चढल्या, माणसं चढली. वरून कोणीतरी म्हणालं, दोर एवढा ताणलेला आहे की बोटं आत जात नाहीत, धरायचं कशाला? आणि मी खालून म्हणालो, “अरे, दोर जरा ढिला कर. हाताला धरायला होईल.” मुकादम थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, कर. त्यानं गाठ सोडली, हातभर दोर दिला, आणि पुन्हा तशीच गाठ मारली.

ड्रायव्हर परत आला तेव्हा माणसं वर बसलेली. तो माझ्यावर चिडला. मी म्हटलं, बऱ्हाणपूरपर्यंतच जायचंय, हळू ने, दमलेल्या बायका आहेत, आता त्यांना उतरवतोस का? त्यानं वर पाहिलं. मग गाडीत बसला. गाठीकडे त्यानं पाहिलं नाही. स्वतः मारलेली गाठ कोण पुन्हा तपासतो?

मला दोर ढिला केल्यानं माल सरकतो हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. केळीत जन्म गेला माझा.

पोलीस आले तेव्हा मी दोन वाक्यं सांगितली. माणसं ड्रायव्हरनं बसवली. दोर त्यानंच बांधला. दुसरं वाक्य अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्या खऱ्यानं पहिलं झाकलं गेलं. साहेबांनी मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, सेठ सांगतात तसंच. मुकादम बोलला की टोळीतलं कोणी वेगळं बोलत नाही, वाचलेलेही बोलले नाहीत. त्याचा धाकटा भाऊ त्या घडांखाली गेला होता. ट्रक निघताना तो स्वतः केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला होता, म्हणून हात मोडण्यावर निभावलं. त्यात ड्रायव्हरची दारूची बाटली गावानं नंतर जोडली. ती मी जोडली नाही, पण कोणी बोललं तेव्हा खोडलीही नाही.

साखरपुडा झाला. गुपचूप, घरातल्या घरात, त्या खुर्च्या न मांडता. पाहुणे म्हणाले, माणूस मनाला लावून घेणारा आहे.

मग त्या जागेवर वस्तू यायला लागल्या. आधी नुसत्या चपला होत्या, कोणीतरी गोळा करून पुलाच्या कठड्याशी ठेवलेल्या. मग चौकटीतले फोटो आले. बांगड्या आल्या. एक विळा आला, पात्याला कापड गुंडाळलेला. डोईफोडियाकडच्या कोरकू घरांनी मेलेल्यांच्या नावानं सागवानाची एक फळी आणून रोवली, तिच्यावर चंद्र-सूर्य आणि खाली हात धरून उभी असलेली माणसं कोरलेली. त्यांची खरी फळी गावातच झाडाखाली असते म्हणे, ही नुसती जागा दाखवायला. त्यावर कोणी पत्र्याचं छप्पर उभारलं. प्लॅस्टिकची फुलं आली, ती उन्हानं पांढरी पडली, पुन्हा नवी आली.

ड्रायव्हरसाठी काही नव्हतं. नंतर एक दिवस पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी, सगळ्यांपासून लांब, तापीतला एक गुळगुळीत दगड दिसला. शेंदूर लावलेला, वर देवीच्या लाल चुनरीचा तुकडा. थोड्या दिवसांनी तो दगड नाल्यात पडलेला होता. मग परत वर आला. परत खाली गेला. हे चालूच राहिलं.

मी तिथं जायचो. दुपारी, रस्त्यावर वर्दळ कमी असते तेव्हा. घरी सांगायचो, नाल्याचं पाणी बघून येतो, मोटार बसवायचीय. पुलासमोर चहाची टपरी होती. चहावाला एकदा म्हणाला, “भाऊ, मोटार बसवायची म्हणून तुम्ही एवढ्या वेळा पाणी पाहिलं, की आता पाण्यानंच तुम्हाला ओळखलं असेल.” तो हसला. मीही हसलो. आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिलो, हा असं का म्हणाला? याला काय कळलंय?

त्या जागी मला सगळ्यांचाच संशय यायचा. ट्रक हळू करून नमस्कार करणाऱ्या ड्रायव्हरांचा यायचा, की हे आपसात काय बोलत असतील. फोटोसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांचा यायचा, की हे मला बघून गप्प का झाले. नवी वस्तू दिसली की वाटायचं, ही माझ्यासाठी ठेवलीय. एकदा छपराच्या खांबाला केळी बांधायच्या दोराचा तुकडा गाठ मारून लटकवलेला दिसला. मी इकडेतिकडे पाहून तो सोडला, खिशात घातला आणि बागेत नेऊन पाचोळ्याबरोबर जाळला. पुढच्या वेळी तिथं तसाच दुसरा तुकडा होता. तोही मी नेला. मुकादमच करतोय हे, माझी खात्री झाली. मला सांगतोय की त्याला आठवतंय. तिसऱ्यांदा गेलो तर छप्पर एका बाजूनं खाली आलेलं. चहावाला ओरडत होता, कोण हरामखोर आहे जो दर वेळी पत्र्याचा दोर चोरून नेतो, फोटोंवर पाणी पडलं सगळं. मी त्याला तार आणून दिली. तो मला म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय.

मुकादमाची टोळी त्यानंतरही माझ्याकडेच येत राहिली. लोकांना ते चांगलं वाटायचं. मेलेल्यांच्या घरांना काम देतो, म्हणायचे. आम्ही दोघं मात्र एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचो नाही. तो घड मोजताना पाठ करून उभा राहायचा. मला वाटायचं, हा माझ्याकडे येतो तो मला नजरेसमोर ठेवायला. आणि मी त्याला बोलावतो तो का, हे मला माहीत होतंच. दुसऱ्याच्या बागेत गेला आणि तिथं बसल्या बसल्या काही बोलला तर?

ड्रायव्हरच्या बायकोनं इच्छापूरला देवीच्या पायऱ्यांशी ओटीचं दुकान टाकलं. नारळ, चुनरी, हिरव्या बांगड्या. मला हे कळल्यापासून मी देवीला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगायचो. बायको जायची. एकदा नवरात्रात ती परत आली आणि पिशवीतून प्रसाद काढता काढता म्हणाली, त्या दुकानवाल्या बाईकडूनच ओटी घेते मी नेहमी, बिचारी फार चांगली आहे, तुमचीही विचारपूस करते. मी विचारलं, काय विचारते? बायको म्हणाली, “काय विचारणार? भाऊ बरे आहेत का, झोप लागते का, एवढंच.” तो प्रसाद मी हातात घेतला आणि बराच वेळ तोंडात घातला नाही.

यंदा रस्ता रुंद करायचं काम आमच्यापर्यंत आलं. जुना पूल पाडून मोठा पूल होणार. ठेकेदाराचा माणूस गावात येऊन सांगून गेला की पुलावरचे फोटो, फळी, छप्पर, सगळं हलवावं लागेल, तुम्हीच कुठं न्यायचं ते ठरवा, आम्ही हात लावणार नाही, पाप नको. मेलेल्यांच्या घरच्यांनी मुकादमामार्फत मला विचारलं, तुमच्या बागेचा रस्त्यालगतचा कोपरा द्याल का? मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, “एवढ्या पटकन? बांधावरच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी बोलत नाही तुम्ही, आणि कोपरा देऊन टाकला?” मी म्हटलं, पुण्याचं काम आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. पोळी वाढली. तिच्याही डोळ्यांत मला त्या दिवशी पहिल्यांदा तो संशय दिसला, जो मी इतकी वर्षं बाकीच्यांच्या डोळ्यांत शोधत होतो.

हलवायच्या दिवशी सकाळी सगळे पुलावर जमले. डोईफोडियाकडून एक पिकअप भरून माणसं आली होती. बायकांनी फोटो पदरानं पुसून एकेक उचलले. सागाची फळी काढताना एका म्हाताऱ्यानं आधी जमिनीला हात लावला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, मग दोघांनी ती आडवी न करता उभीच धरून नेली. चपला मात्र कोणाच्या कोणत्या ते आता कोणाला सांगता येईना. एक बाई म्हणाली, सगळ्याच न्या, पाय तर सगळ्यांचेच होते.

ड्रायव्हरची बायको एका आपे रिक्षातून उतरली. मी तिला एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं कोणाला नमस्कार केला नाही. सरळ पलीकडच्या टोकाला गेली आणि दगडाजवळ उभी राहिली. मी सामान उचलणाऱ्या पोरांना म्हणालो, तो दगडही घ्यायचाय. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मुकादम पुढे आला. “बाकी सब आएगा सेठ. वो पत्थर नहीं.”

मी म्हटलं, का नाही, तोही त्याच गाडीत होता.

“होता ना. चालवत होता,” मुकादम म्हणाला, आता मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दोर त्यानं बांधला. माझा भाऊ त्या दोराला धरून बसला होता. ज्याच्या हातानं गेला त्याच्या शेजारी त्याचा फोटो ठेवू का मी?”

लोकांनी माना हलवल्या. बोलताना मुकादम माझ्याकडे पाहत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ. मला तेव्हा समजलं की तो दगड दर वेळी नाल्यात कोण टाकत होतं. आणि हेही समजलं की तो हे रागानं करत नव्हता. तो दगड वर राहिला असता तर कोणीतरी एक दिवस विचारलं असतं, की चूक खरंच त्याची होती का.

ड्रायव्हरची बायको परत चालत आली. ती मुकादमाशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. आवाज साधा होता, दुकानात भाव सांगावा तसा.

“भाऊ, मला जागा नको. मला एकच विचारायचंय. ते घरी कपडे वाळत घालायची दोरी बांधायचे ना, ती सोडायला मला दात लावावे लागायचे. त्यांची गाठ सुटत नाही. मग त्या दिवशी सुटली कशी?”

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण प्रश्न मला विचारला होता. मी मुकादमाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता आणि त्याचा मोडून सांधलेला हात दुसऱ्या हातानं दाबून धरलेला होता.

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं: गाठ सुटली नाही, सोडली. एवढंच. पण त्याच क्षणी माझ्या मनात पुढचा प्रश्न आला, कोणी सोडली? आणि त्याचं उत्तर मुकादमाचं नाव होतं. मी सोडायला सांगितली, हात त्याचा. इतक्या लोकांत, त्याच्या भावाचा फोटो समोर असताना, मी ते कसं सांगू? हे मी स्वतःला त्या क्षणी समजावलं. आता लिहिताना दिसतं की मला मुकादमाची दया आली नव्हती. मला एक आडोसा सापडला होता आणि मी त्याच्या मागे उभा राहिलो.

मी म्हटलं, “वहिनी, जे झालं ते झालं. जागा माझी आहे, मी सगळ्यांना देतो. त्यांनाही.”

ती मग म्हणाली, “जागा का देताय?”

मी म्हटलं, पुण्याचं काम आहे.

“असं होय,” ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही मला आजही ठरवता येत नाही. ती परत गेली, दगडावरची चुनरी काढून खांद्यावर टाकली, आणि दगड दोन्ही हातांनी उचलला. जड होता. रिक्षावाला धावला, तिनं त्याला हात लावू दिला नाही. दगड मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि इच्छापूरकडे निघून गेली. मागे लोक म्हणाले, बरं झालं, आपणहून गेली.

माझ्या बागेच्या कोपऱ्यात आता छप्पर आहे, फोटो आहेत, फळी आहे. ठेकेदाराच्या माणसानं मेहेरबानी म्हणून खाली सिमेंटचा ओटा करून दिला. मी तिथं रोज जाऊ शकतो, कोणाला कारण सांगावं लागत नाही. पण मी टाळतो.

संध्याकाळी मुकादम बागेत आला. मी मोटारीच्या खोलीपाशी बसलो होतो. तो बसला नाही.

“सेठ, आज बोलणार होतात तुम्ही.”

मी नाही म्हटलं नाही.

“मी पाहिलं तुमच्या तोंडाकडे. बोलणार होतात आणि माझं नाव घेणार होतात.” तो हळू बोलत होता. “इतकी वर्षं मी हाच विचार करतो. एक दिन सेठ को पुण्य कमाने का मन होगा, और सारा मेरे माथे.”

मी त्याला म्हटलं की मी तसं करणार नव्हतो. सांगायला तर मीच सांगितलं होतं तुला.

“हो. मग तेव्हा तसंच म्हणायचं होतं ना, पोलिसांना. मी तर म्हणालो, सेठ सांगतात तसंच.” मग म्हणाला, “माझी आई अजून विचारते, भाऊ कशाला धरून बसला होता. मी सांगतो, मला दिसलं नाही. मी पुढे होतो.”

मी त्याला विचारलं की तू दर वेळी तो दगड नाल्यात टाकायचास का. तो म्हणाला, दर वेळी नाही. पहिल्या दोन-तीन वेळा. नंतर त्यानं टाकला नाही. मग कोण टाकत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्याला वाटत होतं, मी. मी नव्हतो. पण मी तसं म्हटलं तरी त्यानं ते मानलं असतं असं नाही, आणि त्याच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं.

तो गेल्यावर मी आत जाऊन बायकोला बोलावलं. सांगायला बसलो. ट्रॅक्टर खुर्च्यांना पाठवला इथपर्यंत आलो, आणि ती म्हणाली, ते मला माहीत आहे, फोन मीच केला होता. तिचा चेहरा पडला. मग मला पुढे जाता आलं नाही. तिला वाटतं, मी एवढंच मनाला लावून घेतलंय, ट्रॅक्टर. ती आता रात्री उठून बसते. म्हणते, मी खुर्च्यांचा हट्ट केला नसता तर. म्हणजे माझ्या अर्ध्या बोलण्यानं आणखी एका माणसावर ते जाऊन बसलं. तिला उरलेलं सांगणं या घरात मला सगळ्यांत आधी करायला हवं, आणि हे पान मी आज रात्री तिच्यापुढे ठेवणार आहे.

मी इथं कोणाचं नाव लिहिलेलं नाही. मुकादमाचं नाही, कारण त्याचा हात माझ्या शब्दावर चालला आणि तो शब्द कोणाचा हे आधी लोकांना कळायला हवं. ड्रायव्हरचं नाही, कारण त्याचं नाव आधीच खूप जणांच्या तोंडी आहे, आणि ते तसं असायला मी कारण आहे. हे वाचून आमच्याकडचा कोणी ओळखेल. ओळखू दे. पण कागदावर लिहिलं म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोला सांगितलं, असं होत नाही, एवढं मला कळतं.

परवा मी इच्छापूरपर्यंत गेलो होतो. पायऱ्यांच्या खाली गाडी लावली. तिचं दुकान दिसत होतं. चुनऱ्या वाऱ्यावर हलत होत्या आणि ती एका गिऱ्हाइकाला नारळ हलवून दाखवत होती, आत पाणी आहे म्हणून. तिनं मला पाहिलं असावं. मान वर केली, क्षणभर थांबली, पुन्हा नारळाकडे वळली. मी गाडीतून उतरलो नाही. गर्दी आहे, म्हटलं स्वतःशी. खरं तर गर्दी हवीच होती.

माझ्याकडून जे बाकी आहे ते असं. त्या दुकानासमोर उभं राहून, लोकांच्या कानावर पडेल असं, तिला सांगणं की तुझ्या नवऱ्यानं माणसं बसवायला नकार दिला होता, त्यानं मारलेली गाठ पक्की होती, त्याच्या पाठीमागे ती मी सोडायला लावली. मग ठाण्यात जाऊन हेच लिहून देणं आणि आधी दिलेली दोन वाक्यं खोटी होती म्हणून त्याखाली सही करणं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.